ओरखडा की रेघ

खनिज किती कठीण आहे हे तपासायला फार काही लागत नाही. आपलं नख, तांब्याचं एखादं जुनं नाणं, चाकू आणि काचेचा तुकडा, बस. नखाने ओरखडा पडला तर दगड अगदीच मऊ. नखाने नाही पण नाण्याने पडला तर त्याहून थोडा कठीण. चाकूने पडला तर मधला. आणि चाकूने काहीच होत नाही, उलट दगडच काचेवर ओरखडा काढतो, तर ती गारगोटी समजायची. मी एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक आहे. पहिल्या प्रॅक्टिकलला हे सगळं मीच पोरांना करून दाखवते, कारण आमच्या सरांना हात खराब करायला आवडत नाही.

आणि दर वर्षी एक गोष्ट मी ओरडून सांगते. रेघ दिसली की लगेच वहीत उतरवू नका. बोट ओलं करा, रेघ पुसून बघा. पुसली गेली तर तो ओरखडा नव्हेच. चाकूपेक्षा दगड कठीण असला की चाकूचंच लोखंड झिजून दगडावर बसतं आणि काळपट रेघ दिसते. दगडाला काही झालेलं नसतं. निम्मी पोरं दर वर्षी इथेच फसतात आणि दर वर्षी मी त्यांना फाडून खाते. माझी जीभ तिखट आहे, हे विभागात कोणालाही विचारा.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी पोरांवर बऱ्याचदा फेकली आहे. आता फेकत नाही.

पनवेलजवळ करंजाड्यात आम्ही तिघं राहतो. मी, दादा आणि वहिनी. आमचं गाव मराठवाड्यातलं. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते आणि दादा एकोणीसचा. तो मला आणि आईला घेऊन इकडे आला, नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करू लागला आणि मला शिकवलं. पुढे रबाळ्याला एमआयडीसीत एका गाळ्यात त्याला रांगोळीच्या चक्कीवर काम मिळालं. दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून त्याने ते धरलं आणि बारा वर्षं सोडलं नाही. पांढरा दगड फोडायचा, चक्कीत दळायचा, चाळायचा, रंग मिसळायचा आणि पुड्या भरायच्या. चक्की दादाची. तिचा आवाज बदलला की काय बिघडलंय हे तो पाठ फिरवून सांगायचा.

गाळ्यातल्या सगळ्यांना त्याने सांगून ठेवलं होतं की माझी बहीण प्रोफेसर आहे. मी प्रोफेसर नाही. हे त्याला पहिल्यांदा समजावलं तेव्हा तो म्हणाला, "पोरं तुला मॅडम म्हनतात का नाय? मग झालं तर." मीही पुढे हट्ट धरला नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

खोकला त्याला आधीच्या पावसाळ्यापासून होता. कोरडा, थांबून थांबून येणारा. जिना चढला की दुसऱ्या मजल्यावर तो चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने खाली बसायचा. वहिनीने ते बघितलं आणि जानेवारीत त्याला ओढतच पनवेलला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दोन्ही बाजूंना वरती जरा धूसर दिसत होतं. त्यांनी विचारलं, काम काय करता? दादाने सांगितलं. मग त्यांनी विचारलं, दगड कुठला?

"शिरगोळा," दादा म्हणाला. रांगोळीचा मऊ पांढरा दगड, धंद्यात सगळे त्याला हेच म्हणतात.

डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं, ते वहिनीने घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. दगड चुन्याच्या जातीचा असेल तर त्याची धूळ त्रास देते, पण घात करत नाही. मग खोकल्याचं कारण दुसरीकडे शोधायचं. पण तो गारगोटीच्या जातीचा असेल तर ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते, निघत नाही, आणि श्वास कायमचा कमी करत जाते. त्यावर औषध नाही. एकच करता येतं, काम त्याच दिवशी बंद करायचं. तेव्हा आधी दगड तपासून घ्या, आणि तोवर नाकातोंडाला ओलं फडकं बांधा.

"तपासून घ्या म्हणे," वहिनी म्हणाली. "कुठं तपासायचा?"

मी हसले. मला वाटलं, देवळात बसून देव कुठे विचारतेय ही बाई. "मी कशाला आहे? आण म्हणावं एक तुकडा."

दादाने तीन-चार दिवस टाळाटाळ केली. विसरलो म्हणाला, शेठ होता म्हणाला. मग एका सकाळी डब्याच्या पिशवीतून मुठीएवढा तुकडा काढून ओट्यावर ठेवला. सकाळचे सव्वासहा झाले होते. त्याला निघायचं होतं, मलाही निघायचं होतं. दगड दुधासारखा पांढरा होता. मी तो उचलला तेव्हा त्याची कड बोटाला लागली, हे मला आठवतं. चुनखडीच्या जातीचा स्फटिक फुटला की त्याला सपाट, चकचकीत बाजू येतात. याला तशी एकही बाजू नव्हती. ते मी बघितलं आणि मनातल्या मनात म्हटलं, हातोड्याने फोडलेला आहे, असायचाच असा.

"लवकर कर गं," दादा म्हणाला. "नायतर राहू दे. बारा वर्षं दळतोय, मला नाय का कळत? गेल्या दोन वर्षांत तर अजून चांगला माल येतोय. चमक बघ याची."

"तू गप बस. तुला दगडातलं काय कळतं?"

मी नखाने घासलं, काही झालं नाही. तांब्याचं नाणं शोधायला वेळ नव्हता. मी सरळ भाजीचा चाकू घेतला आणि दगडावर जोरात ओढला. रेघ उमटली. वहिनी हातात पोळीचं लाटणं धरून उभी होती. दादा दाराशी, पायात एक चप्पल घालून. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते आता लपवण्यात अर्थ नाही. मला तो दगड मऊच हवा होता. दादाने काम सोडलं तर पुढे काय, हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही मोठ्याने विचारला नव्हता, पण तो ओट्यापाशी आमच्यासोबत उभा होता. रेघ पांढरी असायला हवी होती. ती काळपट होती. नळ माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता आणि मी बोट ओलं केलं नाही.

"चाकूने ओरखडा पडला," मी म्हटलं. "मऊ आहे. चुन्याच्या जातीचाच आहे."

"नक्की?" वहिनीने विचारलं.

"रोज हेच करते मी. नक्की म्हणजे नक्की."

वहिनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघून खुर्चीवर बसलीच. दादाने दुसरी चप्पल घातली. "बघ, मी काय म्हनत होतो? उगाच टेन्शन घेता तुमी बायका." आणि तो खोकत खोकत जिना उतरला.

दगड मऊ निघाल्यावर पनवेलला परत जायची गरज कोणालाच वाटली नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून खोकल्याची बाटली यायची. तो तुकडा मी कॉलेजात नेला. आमच्या ट्रेमधले कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीच्या स्फटिकाचे, नमुने पोरांनी घासून घासून भुगा केले होते, त्यात याची भर. कागदाच्या पट्टीवर माझ्या बऱ्या अक्षरात 'कॅल्साइट' लिहून मी ती चिकटवली. आम्लाची बाटली त्याच टेबलावर होती. एक थेंब टाकला असता आणि फसफसलं नसतं तर दोन सेकंदांत कळलं असतं. पण जे मला ठाऊक होतं ते परत कशाला तपासायचं?

असे आठ महिने गेले.

सप्टेंबरात नव्या पोरांचं प्रॅक्टिकल होतं. उरणजवळच्या मोऱ्याहून येणारी एक मुलगी आहे, सगळ्यांत आधी येते आणि सगळ्यांत कमी बोलते. ती ट्रेमधला एक दगड घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, या कॅल्साइटवर ओरखरा नाय परत."

"नीट दाबून घास. हातात जोर नाही का?"

"दाबला मॅडम. रेघ येते, पन पुसली का जाते. तुमीच सांगितलाव ना पुसाला." तिने चाकू पुढे केला. "याची धारच गेली."

तिच्या हातातल्या दगडावर माझ्या अक्षरातली पट्टी होती. मी तिला म्हटलं, ठेव इथे, दुसरा घे. ती गेली. मी बोट ओलं करून दगडावर फिरवलं. तिने काढलेल्या चार-पाच काळपट रेघा होत्या, सगळ्या बोटावर आल्या. खाली दगड कोरा. आम्लाचा थेंब टाकला. थेंब तसाच पडून राहिला. मग काचेची पट्टी घेतली आणि दगडाची कड तिच्यावरून ओढली. तो आवाज वर्गात सगळ्यांना ऐकू गेला, दोघातिघांनी मान वळवून बघितलं. काचेवर पांढरा, खोल ओरखडा होता. मी तो पुसला. परत पुसला. तो गेला नाही.

मी चालू प्रॅक्टिकल तसंच टाकून उठले. पोरांना वाटलं मॅडमना बरं नाही. सरांना काय सांगितलं ते आठवत नाही. दगड आणि काचेची पट्टी पर्समध्ये टाकून मी खाली आले आणि रबाळ्याला जायला रिक्षा पकडली. रिक्षात बसल्या बसल्या दादाला फोन लावला. लागत होता, पण चक्की चालू असताना त्याला फोन ऐकू येत नाही. मी सात वेळा लावला. सिग्नलला रिक्षावाला इंजिन बंद करून बसला तेव्हा मी त्याच्यावर इतकी ओरडले की त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गपचूप सिग्नल तोडला. सारखं एकच डोक्यात येत होतं. निदान त्याने तोंडाला फडकं तरी बांधलेलं असेल. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गमछा ओला करून नेतो तो, मी स्वतः बघितलंय. मग आठवायला लागले की शेवटचं कधी बघितलं, आणि आठवेना.

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या. गाळ्याच्या शटरबाहेर टेम्पो लागला होता. आत पाऊल टाकलं तर ट्यूबलाइटभोवती पांढरी धूळ तरंगत होती, बायका जमिनीवर बसून पुड्या भरत होत्या आणि पलीकडे चक्कीपाशी दादा उभा होता, भुवया पांढऱ्या, केस पांढरे. तोंड उघडं. गमछा खांद्यावर, वाळलेला.

पुड्या भरणाऱ्या बायकांच्या तोंडालाही काही नव्हतं. तिघी होत्या. त्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मावशींनी मला ओळखलं, दादाच्या मोबाइलवर फोटो बघितला असेल. त्या चक्कीच्या आवाजावर ओरडून म्हणाल्या, "या या, प्रोफेसरबाई! तुमचे लई उपकार झाले बघा. आमी समदे फडकी बांधायचो, जीव गुदमरायचा नुसता. तुमचा भाऊ म्हनला, माझ्या बहिनीनं तपासलाय, मऊ दगड हाय, काय होत नाय. तवापासून सोडली."

मी सरळ दादाकडे गेले. "बंद कर!" तो हसून हाताने विचारत होता, काय गं? त्याला ऐकूच येत नव्हतं. मी परत ओरडले. मग भिंतीवरच्या बोर्डाकडे गेले आणि मोठा खटका खाली ओढला.

चक्की थांबायला वेळ लागतो. आवाज हळूहळू खाली आला आणि मग सगळे माझ्याकडे बघत आहेत हे मला कळलं. शेठ काचेच्या केबिनमधून बाहेर आला. "ओ मॅडम, काय चाललंय? सीझन आहे."

मी पर्समधून दगड काढला, काचेची पट्टी काढली. पट्टी टेबलावर दाबून धरली आणि दगड ओढला. शांततेत तो आवाज फार मोठा वाटला.

"हा शिरगोळा नाही," मी म्हटलं. "गारगोटी आहे. मी जानेवारीत मऊ सांगितलं ते चूक होतं. मी नीट बघितलं नव्हतं. मी चुकले."

शेठ म्हणाला, "गेली दोन वर्षं हाच माल आहे. सगळं मार्केट हेच वापरतं. दिवाळीनंतर बघू आपण."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला चिडलेलं बघितलंय, रडताना बघितलंय, आई गेली तेव्हा. असं बघताना कधी बघितलं नव्हतं. सगळ्यांसमोर त्याची प्रोफेसर बहीण आपल्या तोंडाने सांगत होती की तिला काही येत नाही.

"घरी बोलू," तो म्हणाला.

"घरी नाही. आत्ता चल."

"अर्धा माल चक्कीत हाय. तसा सोडून येऊ का? बाहेर थांब."

मावशींनी तोवर पदर नाकावरून घेऊन मागे गाठ मारली होती. बाकीच्या दोघींनी त्यांच्याकडे बघून तेच केलं. दादाने खांद्यावरचा गमछा नळाखाली धरला, पिळला, बांधला आणि खटका वर केला. मी शटरबाहेर टेम्पोच्या सावलीत बसून राहिले. सगळं मिळून पाऊण तास लागला त्याला. आतून चक्कीचा आवाज येत होता आणि प्रत्येक मिनिटाला मला वाटत होतं की उठावं आणि परत खटका ओढावा. उठले नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याने हातपाय धुतले होते, डबा पिशवीत भरला होता आणि चक्कीच्या बाजूच्या खुंटीवरचा आपला जुना शर्टही घेतला होता. मग मला कळलं की तो परत जाणार नाही.

वाटेत मी रडत होते. पनवेल आल्यावर दादा म्हणाला, "तुज्या वहिनीला मी सांगतो. तू मधे बोलू नको."

त्याने तिला काय सांगितलं हे मला आजवर माहीत नाही. मी गॅलरीत होते. वहिनी बाहेर आली नाही. त्या दिवशी आम्ही तिघांनी जेवण केलं नाही, दूध पिऊन झोपलो. बाकीच्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. मावशींनी दिवाळीपर्यंत पदर बांधून काम केलं आणि मग सोडलं. दुसऱ्या दोघी अजून तिथेच आहेत. मी दोनदा जाऊन त्यांना दवाखान्यात चला म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी शेठने शटरच्या आत येऊ दिलं नाही.

आठवड्याने आम्ही तिघं पनवेलला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नवा एक्स-रे काढायला लावला, जानेवारीचा शेजारी ठेवला आणि दोन्ही दिव्यावर लावले. मला त्यातलं कळत नाही, पण दोन्ही सारखे नाहीत हे कोणालाही दिसलं असतं. जे धूसर होतं तिथे आता ठिपके होते, आणि ते खालपर्यंत आले होते.

डॉक्टरांनी फाइल उघडली, जानेवारीचं आपलंच लिहिलेलं वाचलं आणि चष्मा काढला.

"मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. दगड तपासून घ्या, गारगोटी असेल तर त्याच दिवशी काम सोडा. सांगितलं होतं की नाही?"

"हो," दादा म्हणाला.

"मग? तपासला का नाही?"

मी पुढे सरकले. तोंड उघडलं होतं. दादाने टेबलाखालून माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दुखलं, आणि डॉक्टरांकडे बघत म्हणाला, "राहून गेलं साहेब. कंटाळा केला. कोन जातं दगड घेऊन फिरायला?"

डॉक्टर त्याला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. त्यांचं चूक नव्हतं. आठ महिने फुकट घालवलेत, म्हणाले. शिकलेली बहीण घरात असून, म्हणाले. दादा मान हलवत होता. त्याला कोणी अर्धा शब्द बोललेलं मला आजवर सहन झालेलं नाही, भाजीवाल्याशीही मी भांडले आहे. वहिनी माझ्या शेजारी बसली होती. त्या सकाळी लाटणं हातात धरून तीही ओट्यापाशी उभी होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, वाट बघितली आणि मग मान खाली घातली. दादाने मनगट सोडलं होतं. मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं, सांगूनही दगड तपासला नाही. दर तीन महिन्यांनी दादाला दाखवायला न्यावं लागतं आणि ती फाइल मीच धरून बसते. ते वाक्य पहिल्याच पानावर आहे, आणि ते खोटं आहे हे त्या दवाखान्यात फक्त आम्हा तिघांनाच माहीत आहे.